तळमजल्यावरची आठवी खुर्ची

विज्ञानानं माणसाचे किती आजार बरे केले, याचे आकडे ज्याला त्याला पाठ असतात. त्यानं माणसाच्या किती सबबी मारल्या, याचा हिशेब मात्र कुणी ठेवत नाही. फोन खिशात आला आणि 'तुझा निरोपच मिळाला नाही' ही सबब गेली. नकाशा बोलायला लागला आणि 'घरच सापडलं नाही' ही गेली. पाचगणीच्या सुचेता कर्णिक यांची सबब या दोन्हींपेक्षा भक्कम होती, कारण ती खुद्द डॉक्टरांनी दिलेली होती. निदान सुरुवातीला तरी.

सबब अशी, की फुप्फुसं नाजूक आहेत, विमानप्रवास झेपणार नाही.

बारा वर्षांपूर्वी सुचेताबाईंना न्यूमोनिया झाला होता. तेव्हा त्या एका निवासी शाळेत भूगोल शिकवत. बऱ्या होऊन घरी निघताना डॉक्टर म्हणाले, "महिना-दीड महिना विमानात बसू नका." व्हँकुव्हरला असलेल्या धाकट्या बहिणीला, मेघनाला, हे फोनवर सांगताना सुचेताबाईंनी त्यातला 'महिना-दीड महिना' तेवढा गाळला. त्या खोटं बोलल्या, असं म्हणता यायचं नाही. वाक्य अर्धं सांगितलं, एवढंच.

त्याला कारण होतं. त्याच्या आदली तीन वर्षं आई अंथरुणाला खिळलेली. कूस बदलायची, भरवायचं, पुसायचं, सगळं सुचेताबाईंनी केलं. मेघना व्हिडिओवर दिसायची, औषधं पाठवायची, रडायचीही. "ताई, रजाच मिळत नाही गं." ती आली ती आई गेल्यावर. सुचेताबाईंनी एका शब्दानं तक्रार केली नाही. तक्रार केली की खातं मिटतं, आणि त्यांना ते मिटवायचं नव्हतं. मेघनाच्या नावावर एक न झालेली भेट मांडून ठेवली आणि आपण जायचं नाही, असं ठरवून टाकलं.

पहिली काही वर्षं त्यांना यात थोडं सुखच वाटलं. पण चार वर्षांपूर्वी मेघनाचा नवरा संजीव हृदयविकारानं गेला. मेघनाचा फोन आला. "ताई, ये ना. काही करू नकोस. नुसती शेजारी बस माझ्या."

सुचेताबाईंच्या तोंडून निघालं, "अगं, डॉक्टर सोडतायत का मला?"

बोलल्या आणि त्याच क्षणी त्यांना जावंसं वाटलं. पण एव्हाना सबब अंगात मुरली होती. आज उठून विमानात बसायचं, तर मागची सगळी वर्षं उघडी पडली असती. शेवटी त्या घरीच थांबल्या. टेबललँडच्या पठारावर एकट्या फिरून आल्या. धाप न लागता.

आणि मग विमानांना तळमजला आला.

गोष्ट तशी साधी होती. विमान ज्या उंचीवर उडतं तिथली हवा इतकी विरळ, की माणूस मिनिटभरही शुद्धीवर राहायचा नाही. म्हणून आत हवा भरतात. पण जमिनीवरच्याइतकी नाही. पोटात जास्त दाब भरला, की दर उड्डाणाला विमान फुग्यासारखं ताणलं जातं आणि उतरलं की आखडतं. असं हजारो वेळा झालं की पत्रा थकतो. म्हणून आतली हवा ठेवतात सहा-सात हजार फुटांच्या डोंगरावरच्याइतकी पातळ. धडधाकट माणसाला त्याचं काहीच वाटत नाही. ज्याची फुप्फुसं निकामी होत आली आहेत, त्याचा मात्र जीव घाबरा होतो.

यावर तोडगा असा निघाला, की सगळं विमान कशाला ताणायचं? खाली जिथं सामानाचे खोके ठेवतात, तिथं विणलेल्या कार्बन धाग्याचं एक बंद नळकांडं बसवा. नळकांडं जितकं लहान तितका दाब त्याला सोपा, त्यामुळे आत थेट समुद्रसपाटीची हवा भरता येते. आठ माणसांची सोय. आडव्या होणाऱ्या खुर्च्या, जेवायचं एक टेबल, दांड्या लावलेलं न्हाणीघर, पाय मोकळे करायला अरुंद बोळ. वरच्या मजल्यावर जायला मध्ये दोन दारांची खोली. एक दार लागलं की दाब हळूहळू बदलायचा आणि मगच दुसरं उघडायचं. कंपन्यांनी त्याला भारी इंग्रजी नाव दिलं होतं. मराठी माणसानं पहिल्याच आठवड्यात त्याचा 'तळमजला' करून टाकला.

मेघनाचा फोन आला तेव्हा ती हसत होती की रडत होती, ते कळेना. "ताई! वाचलंस का? आता तुझ्या फुप्फुसांची काही दादागिरी चालायची नाही. मी नाव घातलंय तुझं."

"अगं, पण विचारायचं तरी…"

"काय विचारायचं? बारा वर्षं विचारतेय. पुण्याला एक टेस्ट आहे, ती तेवढी दे. रिझल्ट माझ्याच फोनवर येणारे, तिकीट मी काढलंय ना."

गोची होती ती इथं. खरं पाहता सुचेताबाईंना आता जायचंच होतं. फक्त काही कबूल न करता जायचं होतं. पाचगणीच सव्वाचार हजार फुटांवर. तिथं राहणारी बाई विमानातल्या हवेची अर्ध्याहून जास्त चढण रोजच चढून बसलेली असते. हे गणित बारा वर्षांत कुणीही घालू शकलं असतं. कुणी घातलं नाही. आपल्या माणसाच्या आजारपणाची कुणी बेरीज-वजाबाकी करत नाही, आणि नेमका त्याचाच फायदा सुचेताबाईंनी घेतला होता.

टेस्टही साधीच होती. तोंडावर मुखवटा चढवायचा, त्यातून विमानातल्यासारखी कमी ऑक्सिजनची हवा सोडायची, बोटाला चिमटा लावून रक्तातला ऑक्सिजन किती उतरतो ते वीस मिनिटं बघायचं. पंचाऐंशीच्या खाली गेलात तर तळमजला. वर राहिलात तर वरती बसा, तुम्हाला काही झालेलं नाही.

सुचेताबाई रोज सकाळी पाचगणीतल्या बायकांचा प्राणायामाचा वर्ग घेत. मेघनाला सांगितलं होतं, की डॉक्टरांनीच सांगितलंय, फुप्फुसांसाठी. श्वास आत कोंडून धरण्यात, कुंभकात, त्यांचा हात कुणी धरू शकत नसे. पुण्याच्या त्या केंद्रात पडद्यावरचा आकडा एक्क्याण्णवाच्या खाली हलेना, तेव्हा त्यांनी डोळे मिटले, चेहरा शांत ठेवला आणि छाती न हलवता श्वास धरला. सोडला, पुन्हा धरला. आयुष्यभर शिकवलेल्या विद्येचा असा उपयोग होईल, असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

ब्याऐंशी.

"काळजी घ्या, बाई," केंद्रातले डॉक्टर धुमाळ म्हणाले. व्हँकुव्हरहून लगेच मेसेज आला. 'ताई, एवढी वाईट अवस्था आहे आणि कधी बोलली नाहीस?'

आठवडा झाला नसेल, धुमाळांचा फोन आला.

"बाई, तुमचा ग्राफ पुन्हा बघत होतो. जरा गमतीशीर आहे. लोकांचा ऑक्सिजन उतारावरून घसरल्यासारखा घसरतो. तुमचा पायऱ्या उतरल्यासारखा उतरलाय."

"या वयात उतरायला पायऱ्याच बऱ्या, डॉक्टर."

ते हसले, पण फोन ठेवीनात. "म्हणजे, तुम्हाला त्रास नाही द्यायचा. पण वेटिंगवर मिरजेचे निजामभाई म्हणून एक गृहस्थ आहेत. त्यांचे भाऊ तिकडं शेवटच्या आजारात आहेत. जागा आठ आणि याच विमानाला हे नववे. पुन्हा एकदा टेस्ट देता का? वीस मिनिटांत कळेल."

सुचेताबाई खिडकीत उभ्या होत्या. 'देते' म्हणणं फार अवघड नव्हतं. मात्र त्यानंतर जो निकाल मेघनाच्या फोनवर गेला असता, तो त्यांच्या डोळ्यांसमोर आला.

"नको हो," त्या म्हणाल्या. "त्या मुखवट्याची धास्तीच घेतलीय मी."

"सक्ती नाही करू शकत मी," धुमाळ म्हणाले. "प्रवास सुखाचा होवो."

विमानात तळमजल्यावरचे लोक एकमेकांना आकडे विचारत होते, शाळेतल्या मार्कांसारखे. इथं जितके कमी तितका मान जास्त. नाकाला नळी लावलेले एक निवृत्त न्यायाधीश शहात्तर सांगून सगळ्यांकडे बघत होते. एका गुजराती आजींनी एकोणऐंशी म्हणताना मान खाली घातली, हरल्यासारखी.

"आणि तुमचे?"

"ब्याऐंशी."

"अरेरे, काठावर पास!" न्यायाधीश म्हणाले आणि हसता हसता खोकले. त्यांचा खोकला बराच वेळ चालला. सुचेताबाई त्यांच्या गळ्याच्या ताणलेल्या शिरांकडे बघत राहिल्या. मग पाण्याचा ग्लास पुढं केला आणि नजर वळवली.

खिडक्या नव्हत्या. भिंतीवरच्या पडद्यावर ढग सरकत होते, तेवढेच. तळमजल्याची व्यवस्था वसईच्या ग्लेन डाबरे नावाच्या तरुणाकडं होती. त्यानं जेवण वाढलं. पहिल्याच घासाला सगळ्यांनी तोंडं वाकडी केली.

"डाळीत मिठाचा पुडा सांडला का रे?"

"स्वयंपाक वरच्यांच्या हिशेबानं होतो, काकू," ग्लेन ओशाळून म्हणाला. "वरच्या हवेत माणसाची जीभ बोथट होते. मीठ-साखर कळत नाही. म्हणून जास्तच घालतात. तुम्ही बसलाय जमिनीच्या हवेत, तुम्हाला सगळं लागतंय."

जेवणानंतर भेटीची वेळ असे. वरच्यांपैकी ज्याला खाली यायचं असेल, त्यानं त्या दोन दारांच्या खोलीत कानांना दडे बसू देत थांबायचं. त्या दिवशी एकच बाई आली. तिशी-पस्तिशीची, कान चोळत. ग्लेनला म्हणाली, "फक्त बघून जाते हं. अब्बांना सांगायचंय, आतून कसं असतं ते."

सुचेताबाईंच्या समोरची जिन्याची पायरी रिकामी होती. ती तिथंच टेकली. "बसू ना, मावशी? वर सगळे झोपलेत, बोलायला कुणी नाही."

"बस की. कुठली तू?"

"मिरजेची. यास्मिन."

सुचेताबाईंनी हातातली वाटी खाली ठेवली.

"अब्बा तंतुवाद्यं करतात," यास्मिन सांगत होती. "जन्मभर भोपळे कोरले, लाकूड घासलं, पॉलिश हुंगलं. छातीचं पार लाकूड झालंय. चाचा पण तेच काम करायचे. तीस वर्षांपूर्वी अर्धा झालेला तंबोरा तसाच टाकून कॅनडाला गेले. अब्बांनी कुणाला हात लावू दिला नाही त्याला. आता चाचांचं असं कळल्यावर बसून पुरा केला. वर सामानात आहे. चाचांसमोर अब्बाच तारा चढवणार होते. तारेखाली दोरा सरकवून तो झणकार काढतात ना, ते सगळ्यांना नाही येत. मी प्रयत्न करीन. पण माझा कान कच्चा आहे."

"मग… ते स्वतः नाही आले?" हे विचारायची काही गरज नव्हती. तरी सुचेताबाईंनी विचारलं.

"जागा नाही ना मिळाली. चौऱ्याऐंशी आले. थोडक्यात राहिले."

"चिडले असतील."

"अब्बा?" यास्मिन हसली. "छे हो. म्हणाले, ज्याला मिळाली तो माझ्यापेक्षा जास्त दमत असेल. जाऊ दे बिचाऱ्याला." मग तिनं आठही खुर्च्यांवरून नजर फिरवली आणि फोन वर केला. "मावशी, तुमचाही काढू का फोटो? अब्बांना दाखवते, म्हणजे त्यांना बरं वाटेल."

फोटोत सुचेताबाई हसल्या आहेत. जाताना यास्मिननं त्यांचा नंबर घेतला. परमुलखात ओळख असावी, म्हणून.

विमानतळावर मेघना चाकांची खुर्ची घेऊन उभी होती. केस पूर्ण पांढरे. फोनवर ते एवढे पांढरे दिसले नव्हते. तिनं गळामिठी मारली ती सोडेचना, आणि सोडली ती एकदम, धसकून. "दाबलं का मी जास्त? श्वास घे, ताई. सावकाश."

घरी तिनं खालच्या बैठकीच्या खोलीत खाट टाकून ठेवली होती. उशाला ऑक्सिजनचं यंत्र. "जिने चढायचे नाहीत हं. इथं तुझा तळमजला." संध्याकाळी मैत्रिणी आल्या. मेघना प्रत्येकीला सांगत होती, "जिवावर उदार होऊन आलीय माझी ताई." प्रत्येकीनं सुचेताबाईंचा हात हातात घेतला. मेघनाच्या खात्यात त्यांनी इतकी वर्षं जे मांडून ठेवलं होतं, त्याच्या कित्येक पट त्या एका संध्याकाळी त्यांच्या स्वतःच्या नावावर चढलं.

दिवस जात होते. मेघना त्यांना आंघोळीला स्टूल देत होती, पायांत मोजे चढवत होती. आईचं जे करायचं राहिलं होतं, ते बहुधा ती ताईचं करत होती. सुचेताबाईंना ते दिसत होतं आणि पाय मागं घेता येत नव्हते.

एका सकाळी मेघना म्हणाली, "संजीवची खोली वर तशीच ठेवलीय मी. तुला वर काही जाता यायचं नाही. थांब, फोनवर दाखवते."

ती फोन शोधायला वळली, तेवढ्यात सुचेताबाईंचा फोन वाजला. यास्मिनचा निरोप होता. 'मावशी, चाचा काल गेले. मी तारा चढवल्या होत्या, पण सूर लागला नाही. अब्बा मिरजेहून सांगत होते, दोरा जरा मागं घे, जरा पुढं घे. पण तो झणकार फोनवर ऐकूच येत नाही त्यांना. चाचा म्हणाले, राहू दे, निजाम आल्यावर लावेल.'

सुचेताबाईंनी तो दोनदा वाचला. मग पायांवरची शाल बाजूला केली, उठल्या आणि जिना चढल्या. कठड्याला हात न लावता, शाळेची घंटा झाल्यावर वर्गावर जात तशा. वर पोचून वळल्या. खाली मेघना तोंड उघडं टाकून उभी होती.

"ताई! अगं, थांब! श्वास…"

"मला काही झालेलं नाही, मेघना. कधीच नव्हतं. त्या न्यूमोनियानंतर महिना-दीड महिना जाऊ नका म्हणाले होते डॉक्टर, तेवढंच. पुण्याच्या टेस्टला मी श्वास धरून बसले. माझ्या खुर्चीवर दुसऱ्याच कुणाचा तरी हक्क होता. त्याचा भाऊ काल गेला."

एवढं सगळं त्या एका दमात बोलल्या. धाप लागली नाही.

मेघना खालच्या पायरीवर बसली. तिनं विचारलं, "संजीव गेला, तेव्हा पण?"

"तेव्हा पण."

"मी सगळ्यांना सांगत होते गं," मेघना म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तुमचं कुणीच कसं आलं नाही, असं विचारायचे लोक. मी सांगायचे, ताईला यायचं होतं, पण तिची फुप्फुसं… चार वर्षं तेवढ्यावरच काढली मी. माझं एक माणूस आहे आणि त्याला यायचं होतं, यावर."

सुचेताबाई दोन पायऱ्या उतरल्या.

"आईचं ना?" मेघना म्हणाली. "त्याचंच ना हे? मग फिटला का हिशेब?"

याचं उत्तर बारा वर्षांपूर्वी त्यांच्याकडं तयार होतं.

दुपारी मेघनानं खालची खाट आवरली आणि वरच्या खोलीत चादर घातली. चहा वेळेवर दिला, जेवणही दिलं. फक्त त्या दिवसापासून 'सावकाश' म्हणणं बंद झालं. सुचेताबाईंनी परतीची तळमजल्याची खुर्ची सोडून दिली, धुमाळांना फोन करून सगळं सांगितलं. ते "बरं" म्हणाले. निजामभाईंना पुढच्या खेपेला जागा मिळाली. ते भावाच्या चाळिसाव्याला पोचले आणि तंबोरा लावला, असं यास्मिननं कळवलं. झणकार अगदी जमला म्हणे. तिला मात्र सुचेताबाईंनी काही सांगितलं नाही. दोन-तीनदा लिहायला घेतलं आणि पुसलं. तिच्या फोनमध्ये मावशींचा हसरा फोटो अजून असेल.

निघताना मेघना विमानतळावर आली. बॅग ओढायला हात लावला नाही, आणि सुचेताबाईंनीही तिला लावू दिला नसता. आत जायच्या आधी मेघनानं त्यांच्या बंद गळ्याच्या स्वेटरचं वरचं बटण लावलं. "पोचल्यावर कळव," म्हणाली. हे माफ करणं होतं की नुसती सवय, ते सुचेताबाईंना संपूर्ण प्रवासात ठरवता आलं नाही.

त्या वरच्या मजल्यावर बसल्या, खिडकीशी. विमान वर चढलं तसे कान दडपले. शेजारच्या मुलीच्या हातातलं वेफर्सचं पाकीट टम्म फुगलं. पाचगणीपेक्षाही विरळ अशी ती हवा, जिच्या नावानं त्यांनी बहिणीला बारा वर्षं टाळलं होतं, आता नाकातून आत-बाहेर करत होती. जेवण आलं. डाळ पार अळणी लागली. त्यांनी मीठ मागून घेतलं, घातलं, पुन्हा घातलं.

मग डोळे मिटून त्या वाट पाहत बसल्या. छातीत जरा तरी दाटेल, बोटं निळी पडतील, एखादा श्वास अर्ध्यावर अडेल. निदान एखादा. पुढं कधीतरी मेघनाला सांगता आलं असतं, की अगदीच खोटं नव्हतं गं.

पण कुठंच काही अडलं नाही. मुंबई येईपर्यंत श्वास अगदी व्यवस्थित चालला होता.